स्टेजला रॅम्प होता

लिफ्टचं दार उघडलं तर आत ओल्या कचऱ्याचे तीन काळे ड्रम. एकाला झाकण नव्हतं. कोंबडीची हाडं, भात, पनीरचा तवंग, वापरलेले टिश्यू. वास नाकात थांबला नाही, थेट घशात उतरला.

"हीच लिफ्ट वापरा," रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला. "पुढनं सोळा पायऱ्या आहेत. गेस्टसमोर उचलून नेलेलं बरं दिसत नाही."

गेस्ट. मग मी कोण होतो?

दत्तूनं, माझ्या धाकट्या भावानं, खुर्ची दोन ड्रमच्या मधे ढकलली. बायको आणि पोरगी मागं चिकटून उभ्या राहिल्या. लिफ्टला हिसका बसला आणि उघड्या ड्रममधलं काहीतरी माझ्या मांडीवर सांडलं. मला कळलं नाही. कमरेखाली मला काहीच कळत नाही. तनू म्हणाली, "पप्पा, पॅन्टवर रस्सा पडलाय." दहा वर्षांची माझी पोर. सहलीसाठी घेतलेल्या नव्या रुमालानं ती माझी मांडी पुसत होती.

वर पोचल्यावर मॅनेजरनं दार धरलं. मी त्याला म्हणालो, "थँक्यू सर."

त्या दिवशीची पहिली किळस मला त्या ड्रमची आली नाही. माझ्या ह्या दोन शब्दांची आली.

दोन वर्षांपूर्वी मी कंपनीत प्रेस शॉपला होतो. पत्रा दाबून त्याचे पार्ट काढतात, तिथं. त्यासाठी जो लोखंडी साचा लागतो त्याला डाय म्हणतात. डाय बदलताना ती क्रेनला पट्ट्यानं लटकवायची. त्या दिवशी सकाळीच मी बघितलं, पट्ट्याची शिवण उसवली होती. सुपरवायझरला बोलावलं, बोट लावून दाखवलं. तो म्हणाला, "आजचा लॉट जाऊ दे. पट्टा उद्या बदलू." आणि डाय हलायला लागली तेव्हा तोच ओरडला, "आत शिर, हातानं सरळ कर." मी शिरलो. पट्टा तुटला. मला बाजूला सरायला जागा मिळाली नाही, मशीनच्या पायाशी दाबलो गेलो. मणका गेला.

दवाखान्यात साहेब लोक सफरचंदं घेऊन आले. एक कागद होता. मी विचारलं, "काय लिव्हलंय?" "फॉर्मॅलिटी आहे," म्हणाले. मी आडवा पडून सही केली. त्यानंतर दोन वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलो, नशीब. शेजारी विचारायचे, नशीब. सोयरे विचारायचे, नशीब. पट्ट्याचं मी कुणाला सांगितलं नाही. दत्तू त्याच कंपनीत कंत्राटावर होता. घर त्याच्यावर चाललं होतं.

मग एचआरच्या मॅडम नवलाख उंबरे गावात, आमच्या खोलीवर आल्या. "फॅमिलीसाठी लोणावळ्याला दोन दिवस. सेफ्टीचा छोटा कार्यक्रम आहे, पण तुम्ही फक्त एन्जॉय करायचं." शोभाचे, माझ्या बायकोचे डोळे चमकले. आम्ही दोघंही मावळातले, डोंगरावरच्या वाडीतले. लोणावळ्यात मी लहानपणी किती वेळा बसलोय. रस्त्याच्या कडेला, करवंदांची पाटी पुढं घेऊन. गाडीतली माणसं काच अर्धी खाली करायची, पानाचा द्रोण घ्यायची, काच वर. त्या गावात खोली घेऊन राहायचं, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

कंत्राटी कामगारांना सहल नव्हती. दत्तूला बोलावलं ते वेगळ्या कारणासाठी. मॅडम त्याला म्हणाल्या, "उचलायला माणूस लागेल ना." त्याला खोली नव्हती, जेवणाचं कूपन नव्हतं. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर तो मागच्या पायरीवर बसून जेवला. मी काचेतून बघत होतो. तो माझ्याकडं बघत नव्हता.

जेवण झाल्यावर बस भुशीला निघाल्या. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, त्यात बसायचं म्हणून तनू आठ दिवस नाचत होती. मी खुर्ची बसकडं वळवली तर मॅडम आडव्या आल्या.

"तुम्ही कशाला? तिथं सगळं निसरडं. तुम्ही आराम करा."

शोभा माझ्याजवळ थांबली. तनूला आम्ही पाठवली. ती चिंब होऊन परत आली, दात वाजत होते, गालावर हसू होतं. मला बघून ते हसू तिनं पुसलं. मी विचारलं, "कसं होतं गं?"

"काय न्हाई. गर्दी होती."

एरवी दिवसभर बडबडणारी पोर. शोभानं नंतर सांगितलं, बसमध्ये कुणीतरी बाईनं तिला समजावलं होतं, पप्पांना काही सांगू नको हं, वाईट वाटेल त्यांना. म्हणजे माझ्याच पोरीला माझ्यापासून आनंद लपवायला शिकवून पाठवलं. तेही मायेनं.

मला लघवी नळीनं काढावी लागते. दर चार तासांनी. नाही काढली तर दुखत नाही, घाम फुटतो, डोकं ठणकतं, ताप भरतो. खोलीतल्या बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नव्हती. चार बोटं कमी पडत होती. दुपारी दत्तूनं मला उचलून आत नेलं होतं आणि फरशीवर बसवलं होतं. ओल्या फरशीवर. संध्याकाळी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये आणलं तेव्हा परत वेळ झाली होती. हॉलच्या बाथरूमला तीन पायऱ्या खाली उतरायचं आणि आत लोकांची रांग. दत्तूला कुणीतरी खुर्च्या मांडायला लावलं होतं.

मी मॅडमना बोलावलं. खालच्या आवाजात सांगितलं.

त्या घड्याळ बघून म्हणाल्या, "आता सर येतील. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. धरून ठेवा ना."

धरून ठेवा. ज्याला धरणं आणि सोडणं दोन्ही उरलेलं नाही त्याला.

शोभानं खुर्ची फिरवली. हॉलच्या मागं जनरेटर होता. पाऊस चालू होता. एका हातात छत्री, एका हातात बाटली, अशी ती माझ्यापुढं चिखलात गुडघ्यावर बसली. स्वयंपाकघराच्या दारात दोन आचारी विडी ओढत उभे होते. त्यांनी बघितलं. तोंड फिरवलं, परत बघितलं. डिझेलचा वास, माझ्या लघवीचा वास, आतून तळणीचा वास. शोभाची नवी साडी चिखलात बुडाली होती. ती मान वर करत नव्हती.

पुसून, आवरून आम्ही आत आलो. तेव्हा मी पहिल्यांदा स्टेज नीट बघितलं. स्टेजच्या बाजूला प्लायवूडचा उतार केलेला होता. नवा. त्यावर लाल गालिचा, दोन्ही कडांना झेंडूच्या माळा.

स्टेजला रॅम्प होता. संडासाला नव्हता.

मॅडमनी माझ्या हातात कागद दिला. "एवढं वाचायचं फक्त. मोठ्या अक्षरात काढलंय तुमच्यासाठी."

मी वाचला. 'माझ्याच निष्काळजीपणामुळे माझा अपघात झाला. सूचना दिलेली असूनही मी लटकत्या लोडखाली गेलो. कंपनीने मला घरच्यासारखं सांभाळलं. मित्रांनो, माझी चूक तुम्ही करू नका.'

परत वाचला. पुढच्या चार रांगांत नवीन भरती झालेली पोरं-पोरी बसली होती. आयटीआय करून आलेली, विशीतली, डोक्यावर कंपनीच्या कोऱ्या टोप्या. कागद त्यांच्यासाठी होता. उद्या ह्यांच्यातल्या कुणावर डाय आली तर त्यानंही झोपल्या झोपल्या सही करावी, त्याची ही शिकवणी होती. आणि मास्तर मी.

शोभानं कागद बघितला. माझ्या कानाशी वाकली. "अवो, वाचून टाका. भावजींचं काम हाय तितं."

"खोटं हाय गं ह्ये."

"म्हाईतीय मला. वाचून टाका."

नाव पुकारलं. दत्तूनं खुर्ची उतारावरून वर नेली आणि पडद्याशी जाऊन उभा राहिला. प्लांट हेड साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. माइकवर म्हणाले, "डोंगरावरच्या वाडीतला हा साधा, भोळा माणूस. पण हिंमत बघा. आपल्या सगळ्यांची प्रेरणा आहे." टाळ्या. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा." मी सदतीस वर्षांचा आहे. साहेब माझ्यापेक्षा मोठे होते. त्यांनी फोटोसाठी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगठीची थंडगार धार टाळूला लागली.

तो हात मी धरला आणि खाली केला. मारला नाही, झटकला नाही. धरून खाली केला.

माइक माझ्यापुढं आला. कागद मांडीवर होता. मी म्हणालो, "ह्यात लिव्हलंय चूक माझी. माझी नव्हती. पट्टा उसवला होता. मी सकाळी सुपरवायझरला दाखवला. त्यो म्हणला, उद्या बदलू. आन त्यानंच मला आत शिर म्हणून सांगितलं."



मी साहेबांकडं वळलो. "सायेब, दोन वर्सं झाली. पट्टं बदललं का?"

ते हसले. गर्दीकडं बघून हसले, माझ्याकडं नाही. "हा विषय आपण नंतर—"

"न्हाई बदललं."

आवाज पडद्याशेजारून आला. दत्तू होता. हात बांधून, चवड्यांकडं बघत बोलत होता. "तीन नंबरच्या क्रेनला अजून तसलाच हाय. गाठ मारून चालवत्यात. मी रोज बघतो."

माइक बंद झाला. साहेब माझ्याकडं वाकले, तोंडावर तेच हसू, आणि दातांतून म्हणाले, "इतकं केलं तुमच्यासाठी."

मी शाल काढली आणि त्यांच्या हातात दिली. कागद ठेवून घेतला.

आम्ही त्याच वेळी निघालो. मी दत्तूला सांगितलं, पुढच्या दारानं. पायऱ्यांशी नवीन भरतीतली तिघं-चौघं आली. त्यांतली एक पोरगी म्हणाली, "भाऊ, खुर्ची कुटं धरू?" दोन वर्षांत मला किती जणांनी उचललं असेल. विचारून उचलणारी ती पहिली.

सोमवारी दत्तूला गेटवरून परत पाठवलं. कंत्राटदार म्हणाला, माणसं जास्त झाली. आता तो वीट-वाळूच्या कामाला जातो, मिळेल त्या दिवशी. शोभा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली ती एवढंच, "बोलायचंच व्हतं तर दोन वर्सं आधी बोलायचं." तिचं खरं होतं.

कारखान्यांचे निरीक्षक बसतात त्या हापिसात मी तक्रार दिली, एक वकीलही धरला. कंपनीचा मधला माणूस दोनदा घरी येऊन गेला. त्यानं आमच्याच वकिलाच्या हातून निरोप पाठवला. वकील चांगला आहे, गरीब आहे. म्हणाला, "भाऊ, मधला मार्ग काढू. तुमची चूक असं ते लिहिणार नाहीत, त्यांची चूक असं आपण लिहायचं नाही. 'तांत्रिक कारणाने अपघात' असं लिहू. सगळ्यांचंच भागेल."

मी विचारलं, "पट्टा आपोआप उसवतो, व्हय? आन बदलू नका म्हणून त्यो पट्टाच सांगतो?"



मग मी त्याला लिहायला लावलं. कुठला पट्टा, कुठली क्रेन, सकाळची कुठली वेळ. कुणी बघितला, कुणी उद्यावर टाकला, कुणी मला आत शिर म्हणून सांगितलं. नावानिशी. वकील म्हणाला, हे असं लिहिलं तर वर्षानुवर्षं चालेल. चालू दे. तारखेला बोलावतील तिथं मी जाईन. वर बोलावलं तर जिन्याखाली बसेन, तिथल्या साहेबाला म्हणेन, खाली या. नशीब हा शब्द माझ्या तोंडून परत कुणी ऐकणार नाही. चूक माझी नव्हती. ज्याची होती त्याचं नाव मला पाठ आहे, आणि विचारेल त्याला, न विचारेल त्याला, मी ते सांगणार आहे.