दोरावरचा

आमच्या ख्रिस्ती वस्तीवरच्या देवळात प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी डोळे मिटायची, आणि एक माणूस डोळे उघडायचा. उपदेश चालू असताना नाना खुशाल पेंगत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, माझा उपदेशच तसा असे. पण ‘आपण प्रार्थना करू या’ असं म्हटलं की ते खडबडून उठत, पाय रोवून उभे राहत आणि आढ्याकडे एकटक बघत. पोरांनी त्यांचं नाव टकमकनाना ठेवलं होतं. मला हे दिसायचं, कारण मंडळीवर नजर ठेवायला मीही एक डोळा किलकिला ठेवत असे.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पारनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवर शाळामास्तर. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच यायचे, बाकीच्या रविवारी उपासना माझ्या गळ्यात. माझा देव त्या वेळी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासारखा होता. माझे वडीलही मास्तरच. साहेब येणार म्हटलं की आम्हा भावंडांची नखं बघायचे, ओळीत उभं करायचे आणि स्वतः घामाघूम व्हायचे. तीच भीती मी देवळात आणली होती. देव कधीही दारात येईल आणि बघेल, की ओळ सरळ आहे का आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत का. त्या ओळीत नाना एकटे वाकडे होते.

नानांचा धंदा विहिरी खोदण्याचा. खाली खडकाला पहारीनं भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि दोराच्या फासात पाय घालून दोन हिसके द्यायचे. वरच्यांनी भराभर ओढायचं. वात जळायच्या आत माणूस काठावर आला पाहिजे. खाली नानांचा धाकटा भाऊ शांतवन उतरायचा आणि वर दोर नानांच्या हातात. ओढायला जोडीला दोन गडी असत, पण हुकूम नानांचा. माणूस खाली असेपर्यंत नाना तंबाखू मळत नसत, की कुणी ‘सलाम, नाना’ म्हटलं तरी मान वळवत नसत. वीस वर्षांत शांतवननं ‘पेटवू का?’ असं वर कधी विचारलं नव्हतं. नाना आहेत म्हटल्यावर विचारायचं काय?

एका रविवारी मी त्यांना देवळाबाहेर गाठलं. म्हटलं, “नाना, प्रार्थनेत डोळे मिटत जा. पोरं नक्कल करतात.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “मास्तर, मी पोरगा हुतो तवा मी खाली जायचो आन् माजा बा दोरावर असायचा. खालनं वर बघितलं का उजेडात निस्तं त्याचं डोस्कं दिसायचं. त्वांड न्हाई दिसायचं. पन दोर ताठ असायचा. देव तसाच हाय. त्वांड दिसत न्हाई, दोर ताठ असतो. त्यो वरनं डोळं मिटत न्हाई, मंग मी खालनं कसं मिटू?”

मी शिकलेला माणूस. मला ते अडाणीपणाचं वाटलं. त्या मानानं माझा साहेबासारखा देव किती पोरकट होता, हे कळायला मला फार मोठी किंमत पडली, आणि ती भरली दुसऱ्यानं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, घरोघरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आल्या. वस्तीची विहीर तळाला लागली आणि बायका तीन मैलांवरून पाणी आणू लागल्या. विहीर आणखी खोल न्यायचं ठरलं. पहिल्या सुरुंगाआधी मी प्रार्थना करावी, असं मंडळीनं सांगितलं. मला पोचायला उशीर झाला. तोवर शांतवन खाली उतरून दारू ठासत होता.

मी म्हटलं, “राहू दे शांतवनला खाली. दोन मिनिटांत उरकतो.”

“मास्तर, मानूस खाली हाय,” नाना म्हणाले.

एवढं ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळी वस्ती काठावर जमलेली, आणि मला ओळ सरळ हवी होती. मी म्हणालो, “आज तरी सर्वांनी हात जोडावेत, डोळे मिटावेत,” आणि नानांकडेच बघत राहिलो.

नाना माझा मान ठेवणारे होते. त्यांनी दोराचे काठावरच्या खुंटीला दोन वेढे दिले, हात जोडले आणि डोळे मिटले.

प्रार्थना दोन मिनिटांत आटपली नाही. मला ती चांगली जमत होती. खालून दोराला हिसके बसले तेव्हा मी मेघांबद्दल बोलत होतो. “नाना, वढा!” अशी हाक आली. नाना झेपावले, पण ताणलेला दोर खुंटीवरून सुटेना. सुटला, तिघांनी ओढला, शांतवनचं मुंडासं अर्ध्यावर दिसलं, आणि खाली सुरुंग उडाले.

शांतवनच्या मातीला पाळकसाहेब पोचू शकले नाहीत. चार शब्द मीच बोललो. म्हणालो, “ही देवाची इच्छा.”

कबरीपलीकडून नाना म्हणाले, “इच्छा म्हनू नगा, मास्तर. दोर माज्या हातात हुता.”

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि पाय धरले. त्यांनी मला उठवून बसवलं. “तुमी सांगितलं, पन डोळं मीच मिटलं. तुमच्यावर माजा राग न्हाई. येकच इचारायचंय. त्या येळंला वरच्यानंबी डोळं मिटलं हुतं का?”

 

त्यानंतर नाना देवळात आले की शेवटच्या खांबाला टेकून बसत. प्रार्थनेला उठत नसत. डोळे मिटून घेत. वस्तीला वाटलं, नाना सुधारले. मला तेवढं बघवत नसे.

दीड महिन्यानं ते शाळेच्या दारात उभे. “पानी चार हातावर हाय. बाया मरत्यात. मी खाली उतरतो. दोर तुमी धरा.”

मी हादरलो. “नाना, मी? दुसरं कुणी नाही का?”

“हायेत की. पन तुमी आता डोळं मिटनार न्हाई.”

काठावरून मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. अधूनमधून ते वर बघत. त्यांना माझं तोंड दिसत नसणार, हे मला ठाऊक होतं. हिसके बसले तसा मी दोघा गड्यांबरोबर ओढू लागलो. सवय नसलेला हात. दोरानं कातडं सोलून निघालं, पण मी सोडला नाही. नाना काठावर आडवे झाले, मग सुरुंग उडाले. संध्याकाळपर्यंत तळाशी गढूळ पाणी साचलं, दहा-बारा घागरी भरतील इतकं.

नानांनी माझे हात उलटे करून तळवे बघितले. 

“माज्या बाचं हात असंच असायचं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, वरचा लई ताकदीचा गडी हाय, त्याला काय जड? पन त्याचंबी हात सोलत असत्याल.”

त्यांनी माझ्या हातांना हळद लावली. पुढच्या रविवारी ते प्रार्थनेला उठून उभे राहिले, डोळे उघडे ठेवून. पण ‘दोर ताठ असतो’ असं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पुढं ते नागापूरला एका कारखान्यावर रखवालदार म्हणून गेले, आणि काही वर्षांनी तिथंच वारले. त्यांना मातीसाठी वस्तीवर आणलं. पेटी कबरीत सोडायला चौघं लागतात; एक दोर मी मागून घेतला. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी डोळे उघडे ठेवले आणि पेटी तळाला टेकेपर्यंत दोर ताठ धरला.