अकरापैकी शून्य

मर्ल कुबिचेकची किंमत दोन लाख डॉलर होती. त्याच्याहून स्वस्त माणूस त्या यादीत नव्हता.

यादीत हजारो माणसं होती. दीडशे वर्षांत जो कोणी मोठ्या मैदानावर, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, बेसबॉल खेळला तो प्रत्येक जण तिथं होता, त्याच्या नावापुढं त्याचे आकडे आणि आकड्यांवरून ठरलेली किंमत. दर फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी, सीडर रॅपिड्स गावच्या झेक वस्तीतल्या चर्चच्या तळघरात आठ जण जमत. प्रत्येकानं त्या यादीतून पंचवीस जणांचा संघ बांधून आणायचा. एकूण किंमत आठ कोटींच्या आत हवी आणि सगळ्यांना बांधणारा एक धागा हवा: सगळे डावखुरे, सगळे युद्धावरून परतलेले, सगळे खाणकामगारांचे मुलगे. मग कॉम्प्युटर त्या माणसांच्या खऱ्या आकड्यांवरून सामने खेळवी. शंभर वर्षांपूर्वी मेलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, परवा मेलेल्या फलंदाजाला बाद करी, आणि तळघरात टाळ्या पडत.

संघ बांधताना आधी मोठी नावं घेतली जातात, पैसे संपतात, आणि शेवटी बाकावरच्या, राखीव खेळाडूंच्या दोन-तीन जागा उरतात. तिथं सर्वांत स्वस्त माणूस भरायचा. तो माणूस समोर खुर्चीवर कॉफी पीत बसलेला असे.

"मर्ल, या वर्षीही तुला घेतलाय बरं का," ग्लेन टॉर्केल्सन म्हणे. स्पर्धा तोच चालवायचा. "गप बाकावर बसायचं. मध्ये मध्ये करायचं नाही."

"बाक ऊबदार ठेवतो," मर्ल म्हणे.

एकोणीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. कुठल्याही वर्षी आठातल्या पाच-सहा संघांत तो असायचा. त्याला प्रत्यक्ष खेळवलं कुणीच नव्हतं. त्यानं स्वतःही नाही.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात, चोविसाव्या वर्षी, त्याला छोट्या संघातून तीन आठवड्यांसाठी वर, मोठ्या मैदानावर बोलावलं होतं. अकरा वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला. नोंदीत फटका एकही नाही, म्हणजे स्वतःच्या माऱ्यावर बेस एकदाही गाठला नाही. मग परत पाठवला, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढं एकतीस वर्षं ओटच्या कारखान्यात. त्या भाजक्या ओटचा वास निवृत्तीनंतरही त्याच्या कोटातून गेला नव्हता.

पण त्या अकरांतला एक चेंडू वेगळा होता. तो गावात सगळ्यांना पाठ होता. चेंडू सरपटत तिसऱ्या बेसकडं गेला, तिथल्या खेळाडूच्या हातातून निसटला, आणि मर्ल पहिल्या बेसवर पोचला. हा फटका द्यायचा की समोरच्याची चूक लिहायची, हे वर काचेमागं बसलेला नोंद करणारा ठरवतो. त्यानं चूक लिहिली. "एका हातात सँडविच होतं त्याच्या," मर्ल सांगे, "दुसऱ्या हातानं माझा फटका खाल्ला." लग्नांत, मयतांच्या जेवणांत, कारखान्याच्या पाळीत त्यानं हे पन्नास वर्षं सांगितलं होतं. लोक हसायचे, पाठीवर हात ठेवायचे. त्या एका चेंडूवर तो उभा होता.

नोव्हेंबरात ग्लेननं सगळ्यांना जमवून यादी काढणाऱ्या कंपनीचं पत्रक वाचून दाखवलं. येत्या फेब्रुवारीनंतर यादी नव्यानं येणार होती. पंचवीसपेक्षा कमी वेळा बॅट घेतलेली माणसं तीतून काढून टाकणार होते.

"म्हणजे मर्ल गेला," कुणीतरी म्हणालं.

"अरेरे! आता बाकावर कोण बसणार?"

सगळे हसले. मर्लही हसला. घरी आल्यावर त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"पोटात दुखतंय का?" अर्डिसनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही गं. मला पुसणार आहेत."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसला. एक संघ बांधायचा, ज्यात तो बाकावर नसेल. फलंदाजीला आठवा, मैदानात दुसऱ्या बेसवर उभा. फेब्रुवारीत सात सामने होतील, पंचवीसएक वेळा त्याची पाळी येईल. त्यात एक फटका. पडद्यावर एक ओळ, तिच्यात त्याचं नाव आणि तो शब्द. मग खुशाल पुसा.

धागा त्यानं असा घेतला: एका मोसमाचे पाहुणे. जे एकदाच वर गेले आणि परत कधीच नाही. तीन महिने तो त्यांना शोधत राहिला. एक जण मोसम संपवून बापाच्या मयतसामानाच्या दुकानात गेला होता. एक टायफॉइडनं गेला. एकाच्या नावापुढं जन्मतारीख होती, मृत्यूची जागा कोरी. तो कधी मेला हे कुणीच बघितलं नव्हतं. अशांना गोळा करता करता त्याला कळून चुकलं की आपल्याला पैसे खर्चच करता येत नाहीयेत. चांगला माणूस एका मोसमात परत जात नाही. पंचवीस जण झाले, आणि आठ कोटींतले साडेपाच कोटी तसेच उरले.

"उरलेले परत देतात का?" अर्डिसनं खांद्यावरून डोकावत विचारलं. "न्हाणीघराचं छप्पर करून घेऊ."

तो हसला नाही. ती कॉफी ठेवून गेली.

शनिवारी बर्फ पडून थांबलं होतं. तळघरात हीटर खडखडत होता. स्पर्धेआधी सगळे एकमेकांचे कागद बघतात. मर्लचा कागद लव्हॉननं उचलला. तिनं तीस वर्षं हायस्कुलात बीजगणित शिकवलं होतं, आणि इथली ती एकटीच बाई. तिनं कागद वाचला, चष्मा काढला.

"मर्ल, तू स्वतःला खेळवतोयस."

"हो."

"फटका मारायला?"

"एकच."

तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "ऐक माझं. हे यंत्र कसं चालतं, कुणी सांगितलंय तुला? फलंदाजाच्या आकड्याला पिचरच्या आकड्यानं गुणतं ते. मग फासा टाकतं. पिचर कितीही वाईट असू दे."

"मग?"

"तुझा आकडा शून्य आहे रे."

मर्लनं तिच्या हातातला कागद परत घेतला.

"शून्याला कशानंही गुण," ती म्हणाली. तिनं पुढचं सांगितलं नाही. वर्गात पुढचं मुलं म्हणत असत.

"पंचवीस वेळा उभा राहिलो तर?"

"पंचवीस लाख वेळा उभा राहा, मर्ल."

तो उठला. कॉफीच्या टेबलाशी गेला, कप भरला, प्यायला नाही. तीन महिने. तो एका बंद दाराशी कान लावून बसला होता, आणि त्या दारामागं खोलीच नव्हती. त्यानं कप ठेवला आणि वळला.

"ग्लेन, मला काही मांडायचंय."

गप्पा थांबल्या.

तिथं एक रीत होती. यादीतल्या आकड्याला हात लावायचा नाही. पण आठही जणांचे हात वर झाले तर लावता येतो. एकोणीस वर्षांत एकदाच लावला होता, एका पिचरच्या आकड्यात छपाईची चूक निघाली तेव्हा. बाकी प्रत्येक वेळी ड्वाइट होशेकचा हात खाली राहिला होता. ड्वाइट ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि मुलीच्या लग्नातही त्यानं बँडवाल्यांशी वाद घातला होता.

"तो चेंडू," मर्ल म्हणाला. "तिसऱ्या बेसचा. तुम्हाला माहीत आहे. तो फटका होता. यंत्रात अकरापैकी एक लिहा. आजच्यापुरतं. पुढल्या वर्षी तर मी नसेनच." "मी कधी काही मागितलं नाही इथं. आज मागतोय."

हीटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

"हात," ग्लेन म्हणाला, आणि स्वतःचा वर केला.

त्याच्यामागून पहिला हात ड्वाइटचा आला. विचार न करता, दारातून पुढं जा म्हणावं तसा. मग लव्हॉनचा. मग बाकीचे, भराभर. कुणी भांडलं नाही, कुणी पुरावा मागितला नाही. एका मोसमात दोनशे फटके मारणाऱ्याच्या एका फटक्यावरून ही माणसं तासभर हमरीतुमरीवर येत. मर्ल त्या हातांकडं बघत होता.

"सात झाले," ग्लेन म्हणाला. "आठवा तुझा, म्हाताऱ्या. चल, कर वर."

मर्लचा हात वर होईना.

"काय झालं?"

"मी पळालो नव्हतो," मर्ल म्हणाला.

स्वतःच्याच तोंडातून आलेलं ते वाक्य त्यानं ऐकलं. मग थांबता येईना.

"चेंडू सरळ त्याच्याकडं जाताना बघितला आणि मला वाटलं, संपलं. उभा राहिलो तिथंच. दोन पावलं, तीन पावलं चाललो. त्याच्या हातून निसटला तेव्हा कुठं पळत सुटलो. पहिल्यापासून पळालो असतो तर चेंडू निसटला नसता तरी पोचलो असतो. फटकाच लिहावा लागला असता. नोंद करणाऱ्यानं बरोबर लिहिलं. सँडविच-बिंडविच काही नव्हतं. मला तो दिसलासुद्धा नव्हता."

तो थांबला. आता काहीतरी कोसळेल म्हणून त्यानं वाट बघितली. कुणी खुर्ची सरकवेल, शिवी देईल, निदान हसेल.

सातही हात वरच होते.

"माहीत आहे रे," ड्वाइट म्हणाला.

"काय माहीत आहे?"

ड्वाइटनं इतरांकडं बघितलं. कुणी नजर दिली नाही. "रेडिओ होता ना मर्ल. गावचा पोरगा वर गेलाय म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी लावला होता. कारखान्यात पाळी थांबवून लावला होता. बोलणारा ओरडत होता, अरे हा पोरगा पळत का नाही, पळत का नाही. माझा बाप उठून बाहेर निघून गेला."

"तू ऐकलंस?"

"सगळ्यांनीच."

मर्लनं लव्हॉनकडं बघितलं. तिनं होय अशी मान हलवली, अगदी थोडी.

पन्नास वर्षं. लग्नांत, मयतांत, प्रत्येक वेळी त्यानं सँडविचपाशी थांबून हशाची वाट बघितली होती, आणि त्यांनी तो हशा दिला होता. लंगड्यासाठी सगळी मिरवणूक हळू चालावी तसं गाव त्याच्यासाठी हळू चाललं होतं, आणि त्याला वाटत होतं आपण पुढं आहोत. आईसुद्धा रेडिओपाशी बसली असणार. ती कधी बोलली नाही. आणि अर्डिस. लग्नाआधी चार वर्षं ती त्याच कारखान्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"मग हात कशाला वर केलेत?" त्यानं विचारलं.

"तू मागितलंस म्हणून," ग्लेन म्हणाला. "चल ना. एकच तर आहे. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," मर्ल म्हणाला. "खाली घ्या."

कुणी घेईना.

"खाली घ्या म्हणतो ना! दया करू नका माझ्यावर, हरामखोरांनो!"

तेव्हा हात खाली आले, एकेक करून. ड्वाइटचा सर्वांत शेवटी. ग्लेननं वहीत लिहिलं, ठराव पडला.

"दुसऱ्या बेसला दुसरा कोणी घालतोस?" त्यानं जपून विचारलं. "तुझ्या बाकावर तो मयतसामानवाला आहे. एकतीस फटके आहेत त्याचे. अजून वेळ आहे."

"नको. मीच."

"मर्ल, तुला कळलंय ना आता की..."

"कळलंय."

सामने सुरू झाले. पहिल्यात तीनदा त्याचं नाव आलं: बाद, बाद, बाद. दुसऱ्यात तेच. पाहुण्यांचा संघ हरत गेला. त्यांच्यात मुळात काही नव्हतंच. दुपारी कुणीतरी सूप गरम केलं. मर्लनं वाडगा घेतला नाही. पहिल्या तीन सामन्यांत त्याचं नाव आलं की खोली गप्प व्हायची. चौथ्यापासून लोकांनी आपापसात बोलायला सुरुवात केली, कारण गप्प राहणं त्याहून कठीण होतं.

शेवटचा सामना ड्वाइटशी होता. नवव्या, शेवटच्या डावात मर्लचा संघ एका धावेनं मागं, दोघे बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला, आणि तो टायफॉइडनं गेलेला पोरगा तिसऱ्या बेसवर; तिथून घर नावाचा शेवटचा बेस गाठला की एक धाव. पाळी मर्लची. बदली माणूस पाठवला तर बरोबरी होऊ शकत होती. त्या दिवसात पहिल्यांदाच काही होऊ शकत होतं.

"बदल त्याला," ड्वाइट स्वतःच म्हणाला. "विरुद्ध संघाचा असून सांगतोय मी. तो मयतवाला पाठव. तो पोरगा घरी तरी येईल."

मर्लनं पडद्याकडं बघितलं. पाहुण्यांची नावं एकाखाली एक लागली होती. त्याच्याखेरीज त्यांच्यातला प्रत्येक जण एक तरी फटका मारून परत गेला होता. त्यानं महिनाभर तपासलं होतं ते.

"यात पडद्यावरचा मर्ल पळतोय का नाही ते दिसतं?" त्यानं विचारलं.

"नाही," लव्हॉन म्हणाली. "नुसता निकाल दिसतो."

"राहू दे त्याला," मर्ल म्हणाला.

ग्लेननं कळ दाबली. सरपटी चेंडू, दुसऱ्या बेसवरच्याकडून पहिल्या बेसवरच्याकडं. बाद. तिसऱ्या बेसवरचा पोरगा तिथंच राहिला. ड्वाइटनं टाळी वाजवली नाही, हात पुढं केला. मर्लला तो दिसला नाही. ग्लेननं पुढचे संघ लावले. पडद्यावरची नावं वर सरकू लागली, सरकत सरकत दुसऱ्या माणसांची आली, आणि मर्ल अजून तिथंच बघत होता, जिथं थोड्या वेळापूर्वी तो होता.