पीळ सूर्याचा, फ्यूज लालबागचा

वेंगुर्ल्याची बोट भाऊच्या धक्क्याला लागली तेव्हा माझ्या पिशवीत कोकमं, काजू आणि भाचीने घातलेली एक अट होती. कुसुमचं लग्न मागे साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलं होतं. मुलगा मुंबईत मोठा साहेब आहे असं सांगितलं होतं. तो साहेब नव्हता, आणि दोन मुलांचा बाप होता. म्हणून या खेपेला मुलगा पाहायला मी निघताना ती एवढंच म्हणाली, "मामानु, रंगरूप बघू नकात. खोटा बोलता काय, तेवढाच बघा." बाप नसलेल्या मुलीचं दुसऱ्यांदा मोडलं तर तिसरी वेळ येत नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

ट्रामने लालबाग गाठलं. भिंतीभिंतीवर डांबराने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. एके ठिकाणी रंगवणाऱ्याला जागा पुरली नव्हती. त्यामुळे कोपरा वळल्यावर दवाखान्याच्या भिंतीवर नुसतंच 'पाहिजे' होतं. आत पुष्कळ गर्दी होती.

उतरलो ते गावकीच्या खोलीत (गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, दिवसपाळीचे रात्री झोपतात, रात्रपाळीचे दिवसा). मुलगा त्याच चाळीत राहणारा. नाव मोहन परब. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका कचेरीत परदेशच्या बिनतारी संदेशांवर कामाला. त्याचं नाव काढताच झोपलेलेही उठून हसले.

चाळीच्या मंडळाचा रेडिओ सांभाळणारे तात्या म्हणाले, "दिल्लीच्यो बातम्यो ऐकत होतो. आता मुंबईचा सांगतले, म्हणान आख्खी चाळ गोळा झालेली. इतक्यात रेडिओ गप! दिल्लीन बंद केल्यान, दुसरा कोण करतलो? आणि ह्यो मोहन सांगता, सूर्यार स्फोट झालो! दिल्लीचा पाप सूर्यार घालता मेलो. नाचूक येयना, आंगण वाकडा!"

मी मराठी शाळेत वर्षानुवर्षं सूर्य शिकवला आहे. तो पूर्वेला उगवतो, यापलीकडे आमचा अभ्यासक्रम जात नसे. त्यावर स्फोट होतात आणि त्यापायी लालबागचा रेडिओ बंद पडतो, हे मला दोन मुलांच्या बापाइतकंच संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी गिरगावात गेलो. तिथे आमच्या गावचे एक चष्मेवाले आहेत. मोहनने त्यांच्याकडून एक भिंग नेलं होतं.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"भयंकर खरा," ते म्हणाले. "एक बाई फ्रेम घालून आरशात बघत होत्या. मला कशी दिसते म्हणून त्यांनी सहज विचारलं. याने सांगितलं."

"मग?"

"मग काय? बाई गेल्या, फ्रेम इथे आहे."

रविवारी परबांकडे जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं (घट्टसर तिखट कालवण) आणि सोलकढी अशी होती की मी तिथेच होकार देऊन बसलो असतो. मोहनची आई वाढता वाढता म्हणाली, "माझो झील खोटा बोलणा नाय मास्तरांनु. ताच तर वाईट."

जेवण झाल्यावर मोहन मला गच्चीवर घेऊन गेला. पुठ्ठ्याच्या नळीत भिंग बसवलेलं, खाली कोरा कागद. कागदावर पुरीएवढा सूर्य पडला. मधोमध दोन काळे डाग होते, पुरी जरा जास्त तळल्यासारखे.

"हा स्फोट?"

"नाही, हे डाग. स्फोट या भिंगातून दिसत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं."

दाखवण्यासारखं काही नाही हे आपण होऊन सांगणारा नवरामुलगा मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याचे वडील गिरणीत कामाला. त्यांनी आणलेल्या सुताचा तुकडा त्याने खिशातून काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्याला पीळ घालू लागला.

"सूर्य घट्ट गोळा नाही. मधला पट्टा भराभर फिरतो, वरखालचा भाग सावकाश. मग आतल्या चुंबकाच्या रेषांना असा पीळ पडत जातो, असं काहींचं म्हणणं. डाग असतात तिथे तो फार साठतो."

सुताला गाठी पडल्या, आणखी पडल्या, आणि ते तटकन तुटून माझ्या बोटावर बसलं.

"तुमच्या बोटाला लागला तो साठलेला पीळ. तिथे त्याचाच उजेड होतो आणि न दिसणारे किरण निघतात."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी बोट चोखत म्हणालो.

"सूर्यावर उलटं. पीळ जातो, तेच जळणं. पण नेमका कसा तुटतो, त्यावर अजून मोठमोठ्यांचे वाद आहेत."

"आणि रेडिओ?"

"दिल्लीची लघुलहर, म्हणजे शॉर्टवेव्ह, वर जाते आणि आकाशातल्या विजेने भारलेल्या थरावरून खाली वळते. स्फोटाचे किरण उजेडाबरोबरच आठेक मिनिटांत इथे पोहोचतात. मग त्या थराखालची हवाही भारली जाते आणि लहर वाटेतच गिळते. थोड्या वेळाने परत सगळं ठीक. हे फक्त दिवसा, ऊन असेल तिथेच."

"आज होईल?"

"सांगता येत नाही."

खाली दुपारच्या बातम्यांची वेळ झाली होती. मंडळाच्या खोलीत चाळ जमली. मुलीकडचा मामा आलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे निम्मे माझ्याकडे बघत होते. निवेदक "मुंबईच्या प्रश्नावर" एवढं बोलला आणि रेडिओ गप झाला.

सगळ्यांच्या माना मोहनकडे वळल्या. मग एकजण गच्चीवर धावला. तात्या त्याच्यामागून गेले आणि धापा टाकत परत आले. "डाग हाल्लो! मी माझ्या डोळ्यांनी बघलंय! पोरगो खरा सांगत होतो!" ज्यांनी त्याला दिल्लीचा हस्तक ठरवलं होतं ते त्याची पाठ थोपटू लागले. मोहनच्या आईने सूर्याच्या दिशेने हात जोडले. मला तर इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मनातल्या मनात मी पेढ्यांचं दुकानही शोधू लागलो.

मोहन मात्र रेडिओपाशी वाकला होता.

"हा सूर्य नव्हे," तो म्हणाला.

"गप रे!" आई कुजबुजली.

"सूर्याने बंद पडला असता तर आतला दिवा चालू असता, बारीक सूं ऐकू आली असती. इथे दिवाच गेलाय. फ्यूज उडालाय."

चाळीचा चेहरा पडला. तात्यांना तर गच्चीवरून धावत आल्याचं फार वाईट वाटलं. "घालूचा होता मेल्या, आज तरी सूर्यार!" ते कळवळून म्हणाले.

मोहनने तारेचा तुकडा मागून घेतला आणि फ्यूज बांधला. रेडिओ बोलू लागला तेव्हा हवामान चाललं होतं. मुंबईचं काय झालं ते त्या दिवशी लालबागला कळलं नाही. लोक पांगले. पुन्हा सगळे त्याच्यावर हसत होते, आणि तो हात पुसत माझ्याकडे आला. त्याचे कान लाल झाले होते. "मास्तर, खरा स्फोट झाला की पत्र टाकीन."

परतीच्या बोटीवर मी संध्याकाळी मावळता सूर्य पाहिला. इतकं पिळवटून घेऊनही तो रोज वेळेवर कामाला येतो, याचं मला प्रथमच कौतुक वाटलं.

घरी कुसुम खोबरं किसत होती. मी तिला सगळं सांगितलं. खोटं बोलून जिंकता येत होतं तिथे तो खरं बोलून हरला, हेही सांगितलं. तिची किसणी थांबली.

"मगे फ्यूज कोणी घातल्यान?"

"त्यानेच."

"रेडिओ चालू झालो?"

"झाला."

ती पुन्हा किसू लागली. नारळाची वाटी संपली तरी किसत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मामानु, दिसता कसो?"

मी आठवून पाहिलं. दिवसभर मी सूर्याकडेच बघत होतो.