दुसऱ्या भाकरीची भिंत

देवालाही घाई करायला लावणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच झालं. आमच्या बालगृहात स्वयंपाक करणारी अक्का. जेवणाआधीची प्रार्थना साहेबांची, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची, आणि ते एकदा सुरू झाले की जगातल्या सगळ्या देशांसाठी आशीर्वाद मागत मागत धुळ्यापर्यंत यायचे. ते आफ्रिकेत असतानाच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "साहेब, देवले समजनं! भाकर गार व्हई राह्यनी!" साहेब तिथल्या तिथे आमेन म्हणून टाकायचे. बिशपांपुढे न वाकणारे आमचे साहेब अक्कापुढे मात्र चप्पल काढून उभे राहायचे.

सोनगीरचा किल्ला दिसतो त्या माळावर कोणा गोऱ्या मडमेने साथीत उघडी पडलेली मूठभर पोरं गोळा केली आणि हे घर मांडलं. अक्का त्या पोरांतलीच एक. मडम गेली, मागून पाच-सहा साहेब आले नि बदलून गेले, पत्र्याची कौलं झाली, कौलांचा स्लॅब झाला, अक्का चुलीपाशीच राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जेवणाऱ्याची पाठ पाहून ती सांगायची की याला ताप येणार आहे. आणि तो यायचा. गॅसची शेगडी आली तेव्हा तिने तिच्यावर परात पालथी घातली आणि वर मांजर बसवलं.

शाळेत आमच्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा. हेडमास्तरांनी एका दुपारी सगळ्या बालगृहाला जन्माला घातलं होतं. अक्काला ते मान्य नव्हतं. नव्या पोराच्या ताटात ती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एकच भाकरी टाकायची आणि पाठ करून बसायची. दुसरी स्वतःहून कधीच वाढायची नाही. पोरगं ज्या दिवशी तोंड उघडून दुसरी मागेल, तो त्याचा जन्मदिवस. मग ती उठून गर्जायची, "याना जनम व्हयना रे आज!" आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. एकदा नव्या साहेबांनी तिला रागावून विचारलं, लेकरांना मागायला का लावतेस? ती म्हणाली, "घरमा मांगतस, साहेब. पाव्हना मांगत नही."

मी सातपुड्याच्या पायथ्याहून आलेलो. तिकडे ज्या नातेवाइकांच्या दारात वाढलो, तिथे मागितलं की पाठीत बसायची. त्यामुळे पाच वर्षं झाली तरी मी मागितलं नाही. माझ्यामागून आलेली पोरं जन्मली, गूळ खाऊन मोकळी झाली, मी आपला तसाच. माझी भाकरी तेवढी इतरांपेक्षा जाड असायची, उशीसारखी. पोरं हसायची. मला वाटायचं, ही न मागणाऱ्याची शिक्षा.

आठवीत नापास झालो आणि शाळा सुटली. साहेबांनी दूर कोकणात एका बेकरीत काम बघून दिलं. जायच्या आधी या घरासाठी काहीतरी करावं म्हणून जीव नुसता तळमळत होता. त्याच आठवड्यात अक्का जळगावला, पिंप्राळ्याला, इथे वाढलेल्या एका मुलीच्या बाळाच्या बारशाला गेली. स्वयंपाकघरात एरवी आम्हाला मज्जाव. मी आत शिरलो, लाकडांची रास हलवली. मागची भिंत काजळी आणि कोळशाच्या रेघोट्यांनी काळी झालेली. दोन दिवस खपून मी तिला चुन्याचे तीन हात दिले. अशी पांढरीशुभ्र झाली की माझेच डोळे भरून आले.

अक्का आली, पिशवी हातातच, दारात थबकली. साहेब मागून आले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे, काय केलंस हे! ऑफिसातलं रजिस्टर वाळवीने खाल्लं. या घराचा सगळा इतिहास या भिंतीवर होता!" रेघोट्या म्हणजे पोरं होती. मागितलेल्या प्रत्येक दुसऱ्या भाकरीची एक खूण.

मला रडू फुटलं. अक्काने भिंतीला हात लावला, बोटाला लागलेला चुना पाहिला. मग चुलीतून एक कोळसा काढून माझ्या हातात दिला. "रडू नको. मी सांगस, तू काढ."

आणि ती सांगू लागली. वरच्या कोपऱ्यात शेळी काढ, तो शेळीला धरून आला होता. तिच्याखाली छत्री. मग एसटी, कारण ती पोरगी एसटीतच सापडली. जन्म, नाव, कोण कुठे नांदते, कोण रेल्वेत लागला, कोण देवाघरी गेला. सकाळपासून दिवस कलेपर्यंत, चुलीला हात न लावता, एकही पोर न चुकता. साहेबांची वही भरली. मला वाटलं, देवाच्या पुस्तकात नावं असतात म्हणतात ती अशीच कोणाच्या तरी तोंडी असणार.

मी काढत होतो आणि आतून गळत होतो. खालच्या ओळीपर्यंत आलो. माझ्यामागून आलेला भोवरावालाही झाला. अक्का थांबली. मी कोळसा खाली ठेवला.

"ठेवस काय? भोवराना आगोदर जागा शे ना. दोन भाकरी काढ, एकले एक चिकटेल."

"ही कोणाची?"

"तुनी."

"पण मी कधी मागितलीच नाही, अक्का."

"नही मांगी. दीड भाकरनं पीठ लागे तुले एक भाकरमा, हात दुखी गयात मना." मग आवाज उतरवून म्हणाली, "तो भोवरावाला नवा उना, उपाशी बसेल व्हता. तू त्याना कानमा सांगं, माग, आठे देतस. मी ऐकं. त्या दिन तू घरना व्हयना." गूळ का दिला नाही विचारलं तर म्हणाली, "तू लाजी पळी जाता."

तेव्हा दिला. मुठीत धरून मी बसमध्ये बसलो, तो नाशिकपर्यंत वितळला.

माझ्या जन्माची तारीख मात्र तिला सांगता आली नाही. हिवाळ्यातली पहिली भरताची वांगी त्या दिवशी आली होती, एवढंच. अक्का आता नाही. इकडे कोकणात तशी वांगी मिळत नाहीत, त्यामुळे दर वर्षी धाकधूक असते, दिवस उलटून तर गेला नाही ना. थंडी पडली, की एक दिवस ठरवतो. खाणावळीत पहिली भाकरी संपवतो, थोडा वेळ रिकाम्या ताटाकडे बघतो.

मग मोठ्याने म्हणतो, "मावशी, अजून एक द्या."