झोपताना काढून ठेवतो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला पिस्तुलाचं माहीत आहे, पण त्यापायी जे झालं ते माहीत नाही. माझ्या मित्राला, संदीपला, तर — नको, संदीपचं पुढे येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येतंय.

पिस्तुलापासून सुरुवात करतो. तेवढा भाग सोपा आहे.

आम्ही हर्नडनला राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ग्रीन कार्ड होऊन थोडे दिवस झाले होते, लग्न व्हायचं होतं. एका संध्याकाळी गॅस स्टेशनवर एका माणसाने माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात आपटला, तुझ्या देशात जा म्हणून ओरडला आणि निघून गेला. एवढंच. मला लागलं नाही, गाडीला पोचाही पडला नाही. पण मी काचा वर करून आत बसून राहिलो आणि माझे पाय थरथरत राहिले. त्या पायांची मला लाज वाटली. ती लाज कुणाला सांगणार? मी ठरवलं — परवाना काढायचा आणि रोज जवळ बाळगता येईल असं पिस्तूल घ्यायचं.

मग मी अभ्यासाला लागलो. मला दुसरं काय येतं? वरोऱ्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून इथपर्यंत जे मिळालं ते अभ्यासानेच मिळालं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे पिस्तुलाचाही मी परीक्षा असल्यासारखा अभ्यास केला. रेंजवर जाऊन भाड्याने एकेक चालवून पाहिलं.

आधी रिव्हॉल्व्हर. यंत्र साधं — चाप ओढला की चक्र फिरतं आणि गोळी सुटते, अडकायची भीती कमी. पण ते चक्र शर्टाखाली फुगवटा करतं, गोळ्या पाच-सहाच, आणि चाप इतका जड की ओढता ओढता माझा नेम ढळायचा. मग मॅगझिनवाली पिस्तुलं. त्यात काहींना मागे घोडा असतो, म्हणजे चाप ओढला की आपटणारी हातोडी. पहिली गोळी जड चापाने आणि पुढच्या हलक्या चापाने, म्हणजे एकाच बोटाला दोन सवयी. काहींना बाहेर घोडा नसतोच, आत स्प्रिंगवरची पिन असते. चाप दर वेळी सारखा, पण त्यांतल्या पुष्कळांना सेफ्टीचा खटका नसतो. खटका असावा की नसावा, यावर माझे कितीतरी रविवार गेले. असला, तर घाबरलेल्या अंगठ्याला तो सोडायचं आठवेल का? नसला, आणि खोचताना शर्टाचं टोक चापात अडकलं तर?

शेवटी आकारावर आलो. मोठं पिस्तूल हातात छान बसतं, धक्का कमी देतं, गोळी लावाल तिथे लागते. छोटं हातात उसळतं, मनगट दुखतं, जरा लांबचा नेम हमखास चुकतो. सगळ्या कसोट्यांवर मोठंच सरस होतं. मी छोटं घेतलं. खटका असलेलं, तळहाताएवढं, सगळ्यांत सपाट. कारण माझी खरी कसोटी एकच होती — कुणाला दिसता कामा नये.

"हे चालवताना मला शिव्या देशील," दुकानदार हसून म्हणाला, "पण तुझ्याकडे हे आहे, हे कुणाच्या बापाला कळणार नाही."

मला तेवढंच हवं होतं. पण कुणाला कळायला नको होतं? चोराला? नाही हो. आपल्या माणसांना. मिलिंद पिस्तूल घेऊन फिरतो, हे आपल्या माणसांना कळलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आपली माणसं म्हणजे संदीपच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एकदा बुद्धवंदनेला जमणारी दहा-बारा कुटुंबं. कुणी नागपूरचं, कुणी नांदेडचं. वंदना, मग जेवण, मग ऑफिसच्या आणि व्हिसाच्या गप्पा. आणि कुसुममावशी. संदीपची आई. भंडाऱ्याकडच्या एका शाळेत त्यांची अख्खी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्या होत्या. इथेही रविवारी बेसमेंटमध्ये सगळ्यांच्या पोरांना मराठी शिकवायच्या. पोरं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मावशी म्हणायच्या, "मले समजलंच नाही, आता मराठीत सांग." सगळं समजायचं त्यांना.

बुद्धपौर्णिमेला पांढरा सदरा घालून गेलो. पिस्तूल पट्ट्याच्या आत, उजव्या बाजूला. घरी ठेवता आलं नसतं का? आलं असतं. पण नवीन होतं आणि त्याच्याशिवाय बाहेर पडलो की पाय पुन्हा थरथरतील असं वाटायचं. तसंच कमरेला लावून मी हात जोडून पंचशील म्हटलं. पहिलं शील हिंसेपासून दूर राहण्याचं आहे. चौथं खोटं न बोलण्याचं. तुम्ही काय ते समजा.

मी जाडी मोजली होती, वजन तोललं होतं, वाकून-बसून आरशात पाहिलं होतं. मिठीचा विचार केला नव्हता. वंदना झाल्यावर मावशींनी जय भीम करून मला जवळ घेतलं आणि त्यांचा हात नेमका तिथे लागला.

"हे कडक कडक काय आहे रे?"

ऑफिसमधला एक सहकारी कमरेला इन्सुलिनचा पंप लावायचा. छोटी डबी आणि त्यातून पोटाकडे गेलेली बारीक नळी. मला विचार करायलाही वेळ लागला नाही. "इन्सुलिनचा पंप आहे, मावशी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काऊन रे बापा, एवढ्या लहान वयात?" आणि माझ्या हातातली खिरीची वाटी त्यांनी काढून घेतली.

हसू येतं ना? मलाही आलं होतं, गाडीत बसल्यावर. पुढे वर्षभर मला त्या घरात बिनसाखरेचा चहा मिळाला. माझ्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी. कुणी मला बर्फी दिली की मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायच्या, "अरे, मारता का त्याले?" संदीप चिडवायचा, "साल्या, माझ्या आईला माझ्यापेक्षा तुझी काळजी जास्त." मी हसायचो. आणि पिस्तूल? ते मी नेतच राहिलो. आता तर त्याला नावही मिळालं होतं.

मावशींना स्वतःला शुगर होती, जुनी. दिवसातून कितीदा तरी सुई टोचून घ्यायच्या. डॉक्टर पंप लावा म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. मशीन अंगाला बांधून कोण फिरणार? एका रविवारी सगळे वर जेवत होते, तेव्हा त्या बेसमेंटमध्ये माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "तू लावतोस म्हणून मीही घ्यावं म्हणते. बोचत नाही का रे?"

"सुरुवातीला बोचतं, मग सवय होते."

"आणि झोपताना?"

"झोपताना काढून ठेवतो, मावशी."

मी काय सांगत होतो, समजलं ना तुम्हाला? पिस्तुलाचं. रोज झोपण्याआधी मी ते पट्ट्यातून काढून पेटीत कुलूपबंद करायचो, म्हणून तोंडातून सहज निघून गेलं. पंप रात्री काढायचा असतो की नसतो, हे मला माहीतही नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही मनात आलं नाही. पिस्तुलाच्या एका खटक्यावर ज्याने कितीतरी रविवार घालवले — त्याने.

आणि यात एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत जास्त खाते. वरोऱ्याला आमच्या गल्लीत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा होतो. लोक औषधांच्या बाटल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्या दारात यायचे. कुठली गोळी सकाळी, कुठली जेवणानंतर, हे मी वाचून सांगायचो. आई मागे उभी असायची. म्हणायची, नीट बघून सांग रे, ते तू म्हणशील तसंच घेतील. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला आमच्याकडे काय वजन असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मावशींनी पंप घेतला. नर्सने बजावून सांगितलं होतं, संदीपने मराठीत समजावलं होतं — हा काढून ठेवायचा नाही, याच्यातून थेंबथेंब औषध सतत जात असतं. पण रात्री तो बोचायचा. आणि मावशींनी ठरवलं, की नर्स पुस्तकातलं सांगते, मिलिंद वापरून सांगतो. त्या रोज निजताना नळी सोडवून ठेवायच्या आणि उठल्यावर पुन्हा जोडायच्या. सकाळी शुगर चढलेली दिसायची. घरच्यांना वाटायचं, खाण्यात काही येतंय. एका शनिवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत. संदीपच्या बायकोने पाहिलं तर अंग तापलेलं, ओकारी झालेली, बोलणं अडखळत होतं. पंप उशाशी, बाजूला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. ओठ सुकलेले, हाताला सलाइन. संदीप आईवर रागावत होता, म्हणजे घाबरला होता. "आई, काढलाच कशाला? काढायला कुणी सांगितलं होतं तुला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. शर्टाखाली तेच होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग संदीपला म्हणाल्या, "कोणी नाही रे. अंघोळीला काढला होता, लावायला विसरले."

बोलायची जागा ती होती. एक वाक्य पुरलं असतं. माझं तोंड उघडलं नाही. गॅस स्टेशनवर काचा वर करून बसलो होतो ना, तसाच उभा राहिलो. दवाखान्यात तर माझे पाय थरथरलेही नाहीत.

संदीप खाली फोन करायला गेला तेव्हा मावशींनी मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी माझा हात धरला. "तुलेही कोणी चुकीचंच सांगितलं असंन रे. डॉक्टर म्हणतात, रात्री काढायचा नसतो. तू नको काढत जाऊ आता. तुह्या घरी तर पाह्यालाही कोणी नाही."

मी हो म्हणालो.

मावशी बऱ्या झाल्या. पण घरात एक गोष्ट पक्की झाली — आईला आता आठवत नाही. पंप गेला, पुन्हा सुया आल्या, आणि त्या सुयाही सून मोजून द्यायची. गॅसजवळ एकटं जाऊ देईनात. नातवंडांना पार्कात नेणं बंद झालं. रविवारचा मराठीचा वर्ग कुणीतरी दुसऱ्याने घेतला. आईला शिकवताना त्रास नको, असं संदीप म्हणाला, आणि प्रेमानेच म्हणाला. मी तिथे बसलो होतो. ज्या बाईला आपल्या जुन्या वर्गांतल्या पोरांची नावं ओळीने पाठ होती, तिला घरातली लहान मुलंसुद्धा "आजी, यू फर्गॉट" म्हणून चिडवायला लागली. त्या हसायच्या. काही महिन्यांनी म्हणाल्या, मला भावाकडे नागपूरला जाऊ दे. एअरपोर्टवर व्हीलचेअर मागवली होती, चालता येत असून. त्यांच्या गळ्यात नाव-पत्त्याचं कार्ड अडकवलं होतं. ते अडकवायला मीच मदत केली.

त्या काहीही विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला वाचवलं होतं — एका आजारी पोराला, ज्याची चूक झाली म्हणून त्याला कुणी बोलू नये. असा आजारी पोरगा मुळात नव्हताच.

त्यांना मी सांगितलं नाही. संदीपला सांगितलं नाही. पुढे लग्न झालं, बायको आली, तेव्हा तिच्या माघारी संदीपच्या घरी सांगून टाकलं की आता गोळ्यांवर भागतं. सगळ्यांना आनंद झाला. संदीपच्या बायकोने त्या दिवशी मला खीर वाढली. मी खाल्ली.

पिस्तूल कपाटात आहे, कुलपात. बरेच दिवस कमरेला लावलेलं नाही. ते मी एकदाही कुणावर रोखलं नाही, हे मला एके काळी अभिमानाने म्हणता आलं असतं.

मावशींचा रविवारी फोन येतो. गोळ्यांवर भागतं हे त्यांच्यापर्यंत पोचलं असेल, पण त्यांचा विश्वास बसलेला नाही. माणसं काळजी वाटू नये म्हणून असं सांगतात, हे त्यांना चांगलं माहीत आहे. बायकोची चौकशी करतात, नागपूरच्या उन्हाला नावं ठेवतात. आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारतात, "रात्री लावूनच झोपतोस ना रे?"

या रविवारीही विचारलं.

मी म्हणालो, हो, मावशी.