हाव, समदं कळलं

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, साहेब नवे, नळ मात्र पहिल्यासारखेच कोरडे. त्या दुष्काळात मला नांदेडहून तिथं धाडलं, लेकरांच्या दवाखान्यात पाहणी करायला. काम सोपं होतं. लेकराला दाखवून गेलेल्या घरच्यांना दहा प्रश्न विचारायचे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची. तिसरा प्रश्न होता, डॉक्टरांनी सांगितलेलं कळलं का?

सगळ्यांना सगळं कळायचं! आठ दिवसांत एक ‘नाही’ मिळालं असेल तर शपथ. डॉक्टरसाहेब खूश, मीही खूश. झपाझप फॉर्म भरायचे की मी चहाला मोकळी.

नवव्या दिवशी बाकावर औशाकडचे एक आजोबा बसले होते. कपाळाला भस्माचे पट्टे, मांडीवर दोन वर्षांचा नातू. सून मागं उभी, पदर पार कपाळाखाली. लेकराला जुलाब होते, परवा दाखवून गेले, आज परत आले. त्यांचा नंबर यायचा होता, तेवढ्यात मी तिसरा प्रश्न टाकला.

“हाव, समदं कळलं,” आजोबा म्हणाले.

डोक्यावर ऊन, पोटात भूक, मी आधीच वैतागलेली. म्हटलं, “काय कळलं ते सांगा बरं!” हे काही फॉर्मात नव्हतं.

“गोळी कुस्करून तीनदा. आन् पाणी बंद! टँकरच्या पाण्यानंच लागलेत जुलाब. कालपासनं एक थेंब दिला न्हाई म्या.” बिचारे मोठ्या मायेनं सांगत होते.

मी वाकून नातवाकडं पाहिलं. लेकरू रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. ओठ वाळून पांढरे पडलेले. फॉर्म गेला खड्ड्यात! लेकरू उचललं आणि रांग मोडून थेट आत शिरले.

डॉक्टर भडकलेच. “अहो, उकळलेलं पाणी मीठ-साखर घालून चमच्याचमच्यानं पाजा, असं दोनदा सांगितलं होतं मी!” बोलता बोलता त्यांनी सलाईन लावलं. दुपार कलताना लेकरानं शू करून आजोबांचं धोतर भिजवलं, आणि म्हातारा ते ओलं धोतर अख्ख्या दवाखान्याला दाखवत फिरला. मी तर हसता हसता रडले.

मग सुनेजवळ जाऊन बसले. “डॉक्टर काय म्हणाले, तू ऐकलं होतंस का?”

“हाव की. मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणले.”

“अगं बाई, मग बोलली का नाहीस?”

“सासऱ्यापुढं कसं बोलू, ताई? आन् मला कुणी इचारलंच न्हाई.”

सकाळी ती समोर उभी असताना मीही सासऱ्यालाच विचारलं होतं. खोलीवर येऊन आठ दिवसांच्या फॉर्मांचा गठ्ठा सोडला. तिसऱ्या प्रश्नापुढं सगळीकडं ‘हो’. आणि ‘उत्तर कुणी दिलं’ या रकान्यात, माझ्याच अक्षरात, वडील, आजोबा, काका, वडील, मामा, आजोबा. शेवटच्या फॉर्मापर्यंत शोधलं. ‘आई’ असं मी एकदाही लिहिलं नव्हतं.