कडुलिंबाचे पाच फूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसले आणि हे आठवलं, तरी मी पटकन वाती वळायला घेते. परवा नातीने दहावीचं गणित पुढ्यात आणून ठेवलं, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तुम्हालाच काहून सांगून राहिले? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक.

लग्न होऊन साखऱ्याकडच्या आमच्या गावात आले तेव्हा मी दहावी पास होते. गणितात फार हुशार. हे मी तोंडाने सांगत नसे. फक्त गुणपत्रिका ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवायची आणि ट्रंक उघडी टाकायची. अशी ती शहाणी. आज भेटली तर कान धरीन तिचा.

अंगणातला कडुलिंब वाळला होता, पाडायचा होता. दोन अंगांना आमचंच घर, तिसऱ्या अंगाला विहीर. पडायला जागा एकच — शेजारच्या हमीदाबींच्या शेळ्यांच्या छपराकडची. घराजवळचं झाड पाडायचं तर चार गावं दगडूकाकांनाच बोलावत. त्यांनी मान वर करून पाहिलं, म्हणाले, "शेंडा छपराला लागंल. आदी चढून वरचं उतरवतो. दोन दिस लागतील."

नुसती मान वर केली आणि कळलं? मला सोसेना. मी कंपासपेटीतला कोनमापक काढला, दोऱ्याला खडा बांधला, आणि डोक्यावरचा पदर सावरत मागे मागे सरकले — शेंडा बरोबर पंचेचाळीस अंशांवर दिसेपर्यंत. बुंध्यापासून तीस फूट. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक. आडवी बाजू तीस, तर उभी बाजूही तीस. छप्पर तेहतीस फुटांवर. झाड तीन फूट अलीकडेच पडणार, मग वर चढायचं कशाला?

"ह्यो टॅन कोन हाय?" दगडूकाका म्हणाले. "त्यानं कवा झाड पाडलंय का?"

सगळे हसले. मीही हसले — आणि सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सून शिकलेली हाय. ती म्हणती तसं करा."

लिंब पडला. शेंडा छपरातून आत गेला. खाली हमीदाबींची गाभण शेळी होती.

सगळे तिकडे धावले. आणि मी? मी दोर घेऊन पडलेलं झाड मोजलं. पस्तीस फूट. तिथंच उमगलं. माझे तीस फूट डोळ्यांपासून वरचे होते, जमिनीपासूनचे नव्हेत. डोळ्यांपासून पायांपर्यंतची मी — चांगली पाच फूट — मिळवायची राहूनच गेले होते. फळ्यावरच्या त्रिकोणात बघणारा माणूस म्हणजे कोपऱ्यातला ठिपका. ठिपक्याला कुठे उंची असते?

सासऱ्यांनी विचारलं, हे झालं कसं? दोर माझ्या हातातच होता. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणाले, "गणित बराबर होतं. काकांचा घाव तिरपा बसला. खोड बुंध्यावरून पुढं घसरलं."

हमीदाबींचं छप्पर दगडूकाकांनी एकट्याने, स्वतःच्या हाताने उभं करून दिलं. त्यानंतर घराजवळच्या झाडासाठी त्यांना कुणी बोलावलं नाही. ते नरसीच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना जळण फोडून देऊ लागले. एसटी तिथून जायची, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. काय दिसायचं तिकडे? तुरीची शेतं.

बऱ्याच वर्षांनी नरसीच्या बाजारात ते समोरच आले. पार वाकलेले. वाटलं, आता चार लोकांत बोलतील. बोलावंच, असंही वाटलं का? — खोटं कशाला सांगू, नाही वाटलं.

"सूनबाई, एक इचारू?" ते म्हणाले. "मी तवा घाव सरळच घातला व्हता, असं वाटून ऱ्हातं. तिरपा कसा गेला, तुमाला तरी कळलं का?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण ते खरंच विचारत होते. एवढी वर्षं ते माझ्यावर नाही — स्वतःच्या हातांवर संशय घेत राहिले होते.

"होतं काका एखाद्या वेळी," मी म्हणाले, आणि कोथिंबीर पिशवीत टाकली.

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. पुढच्या वर्षी ते गेले — आपलाच हात चुकला होता, असं धरून.